‘द स्ट्रेंजर’मधल्या कोरडेपणावर लिहायला बसताय? मग आधी हे वाचा

एम.ए.ला असताना मी आल्बेर काम्यूच्या या कादंबरीवर बारा पानांचा निबंध लिहिला होता. त्यात ‘भावनाशून्य’ हा शब्द १९ वेळा आला होता. मोजला सरांनी. समासात पेन्सिलने आकडे घालत गेले आणि शेवटच्या पानावर फक्त एक शब्द लिहिला: ‘कुठे?’

त्या ‘कुठे?’ला उत्तर द्यायला मला पुढचे दोन महिने लागले. मर्सो हा कादंबरीचा नायक, गोष्ट तोच सांगतो: आई वारते, पुढे किनाऱ्यावर तो एका अरबाला गोळी घालतो आणि त्याच्यावर खटला चालतो. तो कोरडा आहे हे पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या मजकुरातही छापलेलं असतं. तो कोरडेपणा पानावर नेमका कुठल्या वाक्यात, कुठल्या क्रियापदात, कुठल्या कपात आहे, ते दाखवणं हे खरं काम. परीक्षेसाठी म्हणा, वाचनगटात बोलायला म्हणा किंवा स्वतःच्या हौसेसाठी म्हणा, पहिल्यांदाच हे करणार असाल तर माझे दोन महिने तुम्ही वाचवू शकता.

लागणारं साहित्य

- कादंबरीची स्वतःची प्रत, म्हणजे खुणा करता येतील अशी. पुस्तक लहान आहे: पहिल्या भागात सहा प्रकरणं, दुसऱ्यात पाच.
- जमल्यास दुसऱ्या अनुवादकाची आणखी एक प्रत. निदान पहिलं प्रकरण तरी.
- दोन रंगांच्या पेन्सिली.
- एक वही. मोबाइलवरच्या नोंदी मला तरी पुरल्या नाहीत, कारण तक्ता आखावा लागतो.
- फ्रेंच येत नसलं तरी चालेल. मलाही कामापुरतीच येते.

१. आधी मराठी शब्द ठरवा

मराठीत लिहिणार असाल तर पहिला खड्डा इथेच आहे. शब्दकोश सांगतो ‘उदासीनता’. लिहून पाहा: ‘मर्सो उदासीन आहे.’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खिडकीत बसून उसासे टाकणारा माणूस येतो, कारण बोलण्यात ‘उदास’ म्हणजे दुःखी. ‘अलिप्त’ म्हटलं की कमळाचं पान आणि गीता आलीच. आमच्या वर्गात एकाने मर्सोला चक्क स्थितप्रज्ञ ठरवलं होतं. ऊन लागलं की हैराण होणारा, झोप आली की सगळं विसरणारा माणूस स्थितप्रज्ञ कसला? ‘बेफिकीर’मध्ये मस्ती आहे, ‘निर्दय’मध्ये हेतू आहे.

मी ‘कोरडेपणा’ घेतला. बोलण्यातला शब्द आहे, आणि ओल आत असेल-नसेल याबद्दल तो काही कबूल करत नाही. तुम्ही ‘तुटकपणा’ घ्या हवं तर. पण एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

२. हातात कोणता अनुवाद आहे ते बघा

मूळ पुस्तक १९४२ साली पॅरिसमध्ये, जर्मन ताब्याच्या काळात प्रसिद्ध झालं. इंग्रजीत स्टुअर्ट गिल्बर्टचा अनुवाद १९४६ साली आला, तो अमेरिकेत ‘द स्ट्रेंजर’ आणि इंग्लंडमध्ये ‘द आउटसायडर’ या नावाने. म्हणजे ही दोन वेगळी पुस्तकं नाहीत. मी दोन्ही विकत घेऊन बसले होते, म्हणून सांगते.

गिल्बर्टला तुटक वाक्यं खटकत असावीत. तो ती जोडतो, गुळगुळीत करतो. आपण शोधतोय तो खडबडीतपणाच तिथे बराचसा पुसला जातो. १९८८चा मॅथ्यू वॉर्डचा अनुवाद या कामाला जास्त उपयोगी, कारण तो वाक्यं तोडलेलीच ठेवतो. सँड्रा स्मिथचा २०१२चाही चांगला आहे. पहिल्या ओळीत आईसाठी प्रत्येकाने काय शब्द वापरलाय तेवढं पाहिलंत तरी खूप कळतं: गिल्बर्टकडे औपचारिक ‘मदर’, वॉर्डकडे मूळ फ्रेंच ‘मामां’ जसंच्या तसं, स्मिथकडे ‘माय मदर’. ‘मामां’ हा लहान मुलाच्या तोंडचा शब्द आहे आणि चाळिशीकडेही न झुकलेला हा कारकून अख्ख्या पुस्तकात आईला तेच म्हणतो. कोरडा माणूस आहे ना? मग हा शब्द त्याच्या तोंडी का? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

३. पहिली ओळ एकटी वाचू नका

सगळे एकच ओळ उचलतात: आज आई गेली, किंवा कदाचित काल, मला माहीत नाही. आणि लगेच निकाल लावतात की बघा, आई कधी गेली याचंही याला सोयरसुतक नाही!

पुढची तीन वाक्यं वाचा. वृद्धाश्रमाकडून तार आली आहे. तारेत आई वारल्याचं, अंत्यविधी उद्या असल्याचं आणि एक साचेबंद शिष्टाचाराचं वाक्य, एवढंच आहे. तार कधी निघाली ते त्याला माहीत नाही. मग ‘उद्या’ म्हणजे कुठला उद्या? आज की काल हा गोंधळ तारेने केलाय. ज्यांच्या घरात कधीकाळी तारा आल्या असतील त्यांना विचारा, शब्दागणिक पैसे पडायचे.

आता हेच मराठीत करून बघा, हा माझा आवडता व्यायाम आहे. तारेची भाषा अशी होईल: ‘मातोश्री निवर्तल्या. अंत्यविधी उद्या.’ आणि त्याचं स्वतःचं वाक्य: ‘आज आई गेली.’ फ्रेंचमध्येही हाच भेद आहे: तारेत कागदोपत्री शब्द, त्याच्या तोंडी ‘मामां’. म्हणजे पहिल्याच परिच्छेदात दोन प्रकारचे कोरडेपणा समोरासमोर ठेवलेत, एक संस्थेचा आणि एक माणसाचा. मी १२ पानांत हे एकदाही लिहिलं नव्हतं.

‘गेली’, ‘वारली’, ‘मेली’, ‘देवाघरी गेली’ यांतलं कुठलं क्रियापद घ्यायचं यावर अर्धा तास घालवा. तो वाया जात नाही.

४. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ मोजा

पहिल्या रंगाची पेन्सिल घ्या. पहिल्या भागातलं दुसरं प्रकरण उघडा, तो रविवार. मर्सो उठतो, अंडी खातो, घरात भटकतो, जुन्या वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून वहीत चिकटवतो, मग बाल्कनीत बसून रस्ता बघत राहतो. भावनांना कारण देणारे शब्द जिथे दिसतील तिथे गोल करा. ‘एकटं वाटलं म्हणून’, ‘आईची आठवण येत होती त्यामुळे’ असं काही.

पेन्सिल जवळजवळ वापरावीच लागत नाही. कारणं येतात ती शरीराची नि सोयीची: भूक होती, गरम होत होतं, उशीर झाला होता. एका वाक्यातून दुसऱ्यात जायला पूल नसतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३ साली या कादंबरीवर लिहिताना म्हटलं होतं की इथलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक बेट आहे. उपमा चांगली आहे, पण ती नुसती उद्धृत करून पुढे जाऊ नका. आपल्या परिच्छेदातली दोन बेटं दाखवा आणि मधलं पाणी दाखवा. याच प्रकरणात, अगदी सहज, तो सांगतो की आई गेल्यापासून घर मोठं पडतं, म्हणून जेवणाचं टेबल त्याने आपल्या खोलीत आणलंय आणि आता तो त्या एकाच खोलीत राहतो. (‘गेल्यापासून’ म्हणजे इथे वृद्धाश्रमात.) घर मोठं पडतं. बस. पुढचं वाक्य फर्निचरचं.

व्याकरणाची एक गोष्ट याच पायरीत उरकते. फ्रेंच कादंबरीत घडून गेलेल्या गोष्टी सांगायचा एक खास लेखी भूतकाळ असतो. काम्यूने तो बाजूला ठेवून बोलण्यातला भूतकाळ वापरला. मराठीत तंतोतंत तसं काही नाही, पण ‘त्याने दार उघडले’ आणि ‘त्यानं दार उघडलं’ यांत जो फरक कानाला लागतो तो आठवा. पहिल्यात कोणीतरी कथा सांगतंय, दुसऱ्यात शेजारी काल काय झालं ते सांगतोय. मराठीत उतारे देणार असाल तर दुसऱ्या प्रकारेच द्या.

५. आता जेवणाकडे लक्ष द्या

ही पायरी मला कुठल्याही समीक्षेने दिली नाही. मी घरी पहिलं प्रकरण मराठी करत मोठ्याने वाचत होते आणि आई मेथी निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, “ते सगळं ठीक आहे गं. पण जेवला का तो?”

मला हसू आलं. मग म्हटलं बघू तरी. दुसऱ्या रंगाची पेन्सिल घेतली आणि मर्सो कधी काय खातो-पितो त्यावर खुणा करत गेले. खूप खातो हा माणूस. निघण्यापूर्वी सेलेस्तच्या खानावळीत जेवतो. आईच्या शवपेटीशेजारी दूध घातलेली कॉफी पितो. रविवारी तव्यातूनच अंडी खातो. शेजारी रेमों बोलावतो तेव्हा त्याच्याकडे जेवतो, कारण स्वयंपाक टळतो.

आणि मग पहिल्या भागातलं चौथं प्रकरण. मर्सोच्याच माळ्यावर, शेजारी, सालामानो नावाचा म्हातारा राहतो. त्याचा खरूज झालेला कुत्रा. वर्षानुवर्षं तो त्याला शिव्या देतो, मारतो. त्या दिवशी कुत्रा हरवतो. म्हातारा मर्सोला विचारून जातो की पकडून नेलेला कुत्रा परत देतात का. मग खोलीत येरझारा घालतो, पलंग करकरतो, आणि भिंतीपलीकडून एक बारीक विचित्र आवाज येतो. म्हातारा रडतोय हे मर्सोला कळतं. पुढची वाक्यं माझ्या शब्दांत अशी: का कोण जाणे, मला आईची आठवण झाली. पण सकाळी लवकर उठायचं होतं. भूक नव्हती. न जेवता झोपलो.

पहिल्या वाचनात ही ओळ माझ्या डोळ्यांखालून सरळ निघून गेली होती. तुमच्याही जाईल, कारण ती तशीच लिहिलीय. आपल्याकडच्या कुठल्याही लेखकाने इथे ‘घास उतरेना’ म्हटलं असतं, आणि वाचणाऱ्याचे डोळे भरून आले असते. काम्यू तिथे एक ‘पण’ घालतो आणि घड्याळाकडे वळतो. आठवण का आली ते मर्सोला माहीत नाही. भूक नाही हे माहीत आहे. दोन्हींचा काही संबंध असेल हे वाक्यरचना मान्य करत नाही. संबंध जोडायचं काम आपल्यावर टाकलंय.

निबंधात एकच उतारा घ्यायची मुभा असेल तर हा घ्या. समुद्रकिनाऱ्याचा सगळेच घेतात.

६. प्रतीकांचा तक्ता करा, यादी नको

‘सूर्य म्हणजे समाज’, ‘कॉफी म्हणजे परकेपणा’ असली समीकरणं गाइडांत सापडतात. त्यांनी गुण मिळत असतील, पण पुस्तक कळत नाही. त्याऐवजी वहीत चार रकाने आखा: वस्तू कोणती, पहिल्यांदा कुठे येते, परत कुठे येते, तेव्हा ती कोणाच्या ताब्यात आहे.

कॉफी घ्या. पहिल्या प्रकरणात वृद्धाश्रमाचा पहारेकरी ती आणतो. मर्सोला दुधाची कॉफी आवडते, तो हो म्हणतो. मग सिगरेट ओढावीशी वाटते. आईसमोर ओढावी की नाही म्हणून तो थबकतो, विचार करतो आणि त्याने काही बिघडत नाही असं ठरवतो. (थबकतो, हे लिहून ठेवा.) दुसऱ्या भागात हीच कॉफी कोर्टात येते. पहारेकरी साक्ष देतो. कॉफी आपणच देऊ केली होती हेही तो ओशाळून कबूल करतो. त्यावर सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की परक्याने कॉफी द्यावी, पण जन्मदात्रीच्या देहापुढे मुलाने ती नाकारायला हवी होती. कप तोच. पहिल्या भागात तो फक्त कप होता. त्याला अर्थ चिकटवला वकिलाने.

हे दिसलं की मोठा खुलासा होतो. पहिल्या भागात वस्तू बहुतेक वस्तूच राहतात. प्रतीकं बनवण्याचा धंदा दुसऱ्या भागात कोर्ट करतं: कॉफी, सिगरेट, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीची पोहण्याची मजा, मैत्रीण मारीबरोबर पाहिलेला फर्नांदेल या फ्रेंच नटाचा विनोदी सिनेमा. तेव्हा तुम्ही घाईघाईने प्रतीकं लावू लागलात तर वकिलाच्या बाकावर जाऊन बसता.

तक्त्यात टॉवेलही घाला. ऑफिसात दुपारी हात धुवायला त्याला आवडतं. संध्याकाळी तितकं आवडत नाही, कारण सगळ्यांनी वापरून टॉवेल भिजलेला असतो. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, वाईट वाटतं, पण किरकोळ बाब आहे. आईच्या अंत्यविधीनंतर कामावरचा पहिला दिवस आहे हा.

७. सूर्य: इथे शैलीच बदलते

सूर्य मात्र खरोखर वेगळा आहे. पायरी चारवरची तुटक, उपमा नसलेली वाक्यं लक्षात ठेवून पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणाची शेवटची दोन पानं वाचा. जो माणूस कशाला कशाची उपमा देत नाही त्याच्या तोंडून उपमांचा पूर येतो. कपाळावर झांजा वाजतात, उजेडाची तलवार होते. मी गोल करून करून पान काळं केलं होतं. हा तोच सूर्य आहे, आईला पुरलं त्या दिवशीचा, असं तो स्वतःच म्हणतो. आणि भुवयांवरचा घाम पापण्यांवर ओघळतो तेव्हा त्याचे डोळे कशाआड आंधळे होतात? अश्रू आणि मीठ यांच्या पडद्याआड. आईच्या अंत्ययात्रेत त्याच्या वाट्याला न आलेला ‘अश्रू’ हा शब्द त्याच्या डोळ्यांत येतो तो इथे, घामाच्या नावाखाली.

आता क्रियापदं. पहिल्या गोळीच्या वेळी फ्रेंच वाक्याचा कर्ता मर्सो नाही, बंदुकीचा चाप आहे: चाप सरकला. मराठी माणसाला हे समजवायला नको. ‘कप फुटला’ म्हणणारं पोर आपल्या प्रत्येक घरात असतं, ‘मी फोडला’ कोणी म्हणत नाही. पण थोडं थांबून जेव्हा तो आणखी चार गोळ्या झाडतो, तेव्हा वाक्यात ‘मी’ आहे. निर्जीव पडलेल्या देहावर मी झाडल्या. एक आणि चार यांच्यामध्ये कर्ता बदललाय. कोर्टाला त्या मधल्या थांबण्याचं उत्तर कधी मिळत नाही. ‘ऊन होतं म्हणून’ एवढंच तो सांगतो, तेव्हा लोक हसतात.

८. नेहमी पाय अडकतो अशा जागा

*रोगनिदान.* मर्सोला अमुक विकार आहे असं लिहून मोकळं होऊ नका. निदान केलं की वाक्यं वाचायची गरज संपते.

*‘कोसला’शी घाईने जोडणं.* मराठी निबंधात हे हमखास येतं. दोन्हीकडे तरुण, दोन्हीकडे ‘मी’, दोन्हीकडे घरातला मृत्यू. पण नेमाड्यांच्या १९६३च्या कादंबरीतला सांगवीकर ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत बोलतो, फिरकी घेतो, चिडतो, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतर तर उन्मळतो. तिथे कोरडेपणा पांघरलेला आहे आणि पांघरूण सारखं घसरतं. तुलना करा, पण वाक्याला वाक्य लावून करा.

*लेखकाचंच म्हणणं अंतिम मानणं.* काम्यूने १९५५मध्ये एका अमेरिकी आवृत्तीसाठी प्रस्तावना लिहिली. त्यात त्याचं म्हणणं असं, की मर्सो खोटं बोलायला नकार देतो, आणि वाटतं त्याहून जास्त वाटल्याचं सांगणं हेही खोटंच. अतिशय उपयोगी वाक्य आहे. पायरी पाचला ते बरोबर लागू पडतं. पण पुस्तक छापल्यानंतर १३ वर्षांनी लिहिलेलं आहे आणि त्यात किनाऱ्यावरच्या मेलेल्या माणसाबद्दल फारसं काही नाही.

*सगळं पुस्तक एकाच सुरात आहे म्हणणं.* शेवटचं प्रकरण वाचा. पाद्रीबरोबर भांडण झाल्यावर वाक्यं लांब होतात, धापा टाकतात. जगाच्या ज्या बेपर्वाईसमोर मर्सो शेवटी स्वतःला मोकळा सोडतो तिला तो ‘कोवळी’ म्हणतो. कोरडेपणा शब्दाला चिकटून बसलात तर हे विशेषण कुठे ठेवायचं ते कळत नाही.

९. कोरडेपणा कुणाचा, हे एकदा विचारा

गोळी लागलेल्या माणसाला नाव नाही. पुस्तकभर तो ‘अरब’ आहे. अल्जीरियात जन्मलेल्या फ्रेंच माणसाने, वसाहतीच्या काळात लिहिलेलं हे पुस्तक आहे, आणि खटल्यातसुद्धा मेलेल्याबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही. बोलतात ते आईच्या अंत्यविधीबद्दल. हा कोरडेपणा मर्सोचा, कोर्टाचा, की कादंबरीचा? अल्जीरियाच्या कमेल दाऊदने २०१३ साली मेलेल्याच्या भावाच्या तोंडून एक कादंबरी लिहिली आणि त्याला नाव दिलं, मूसा. वेळ असेल तर तीही वाचा. नसेल तर निदान तुमच्या तक्त्यात ‘नाव’ असा एक रकाना वाढवा. कुत्र्याच्या म्हाताऱ्या मालकाला नाव आहे, अंत्ययात्रेत मागे पडून शेवटी बेशुद्ध होणाऱ्या आईच्या मित्राला नाव आहे. पेरेझ.

१०. लिहायला बसा

लेखकाच्या जन्मसालाने सुरुवात करू नका. सरळ एका वाक्याने करा आणि ते वाक्य उलगडत जा. प्रत्येक परिच्छेदात पुस्तकातली एक तरी जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे; येत नसेल तर तो परिच्छेद काढा. ‘भावनाशून्य’, ‘संवेदनाहीन’, ‘यांत्रिक’ हे शब्द कच्च्या खर्ड्यात येऊ द्या, मग शोधून एकेक खोडा आणि त्या जागी काय झालं ते लिहा. ‘मर्सो भावनाशून्यपणे लग्नाला होकार देतो’ याऐवजी: मारी विचारते लग्न करशील का, तो म्हणतो मला सारखंच, तुला हवं असेल तर करू.

आणि वेळ फारच कमी असेल, म्हणजे उद्याच सादर करायचंय वगैरे, तर तीनच जागा वाचा: तारेचा पहिला परिच्छेद, सालामानोचा कुत्रा हरवतो ती रात्र, आणि पहारेकऱ्याची साक्ष. किनारा वर्गातलं कोणीतरी सांगेलच.